बेट धरून ठेवणारा खुंटा

मित्रांनो, हे अख्खे बेट, त्यावरची घरे, शाळा, विहीर, कोंबड्या आणि अध्यक्षांची भाषणे ज्याच्या जिवावर टिकून आहेत, तो आधारस्तंभ मी आहे! या आधारस्तंभावर सध्या एक ओला टॉवेल वाळत घातला आहे, तिकडे लक्ष देऊ नका. मी एक जुना खुंटा आहे.

आमचे बेट तरंगते. तुमच्याकडची जमीन जागच्या जागी असते असे ऐकतो, तुमचे नशीब. आमच्याकडे पूर्वी माणूस सूर्याकडे पाय करून झोपायचा आणि उठायचा तेव्हा सूर्य उशाशी. शाळेतले मास्तर आधी खिडकीतून डोकावत आणि मगच मुलांना पूर्व दिशा शिकवत. मासे धरायला गेलेला माणूस परत येई तेव्हा बेट दुसरीकडेच. काहीजण तर आलेच नाहीत.

म्हणून त्या काळच्या सुताराने ठरवले की समुद्रतळाच्या खडकाला एक जाड दोर बांधायचा आणि दुसरे टोक किनाऱ्यावरच्या खुंट्याला. खुंट्यासाठी पक्के लाकूड हवे होते. पक्के लाकूड त्याच्याच घरात होते. बायको विहिरीवर गेलेली पाहून त्याने स्वयंपाकघराचा मधला खांब काढला. तोच मी. खांब निघाला आणि मागोमाग छप्पर चुलीवर आले.

बायको तशीच तरातरा किनाऱ्यावर आली. सुतार दोराचे एक टोक ओढत होता, तिने दुसरे धरले आणि एक शब्द न बोलता असे काही ओढले की माझ्या अंगात ती गाठ रुतून बसली. बेट थांबले. दुसऱ्या दिवशी दोन जिवलग मित्रांनी गाठ मारली. ते गप्पा मारत होते. गाठ सुटली.

झाले! बेटाला शास्त्र सापडले. दोर खारे पाणी पिऊन आवळत जातो, तसाच ठेवला तर तुटेल, म्हणून गाठ रोज संध्याकाळी सोडून नव्याने मारावी लागते; आणि ती मारायची ज्या दोघांचा एकमेकांशी अबोला आहे त्यांनी. प्रेमाची माणसे समोरच्याचा हात दुखेल म्हणून दोर सैल सोडतात. रुसलेली सोडत नाहीत.

मी पुष्कळ जोड्या पाहिल्या. सासू-सुना, भाऊ-भाऊ, एकदा तर अध्यक्ष आणि त्यांचा न्हावी. (अध्यक्ष महिनाभर टोपी घालून हिंडत होते.) पण थोरली आणि धाकटी या दोघी बहिणींची सर कुणाला नाही. आई गेल्यावर वाटणीत खल थोरलीकडे गेला आणि बत्ता धाकटीकडे. थोरली खलात बटणे ठेवायची, धाकटी बत्त्याने दार अडवायची, आणि दोघी शेजारणींकडून कुटून आणायच्या. वर्षानुवर्षे संध्याकाळी येत, तोंडे फिरवून दोर ओढत आणि दोन वाटांनी घरी जात. ते माझे वैभवाचे दिवस होते. मला दर महिन्याला तेल मिळे. अध्यक्ष माझ्यावर हात ठेवून भाषण करत आणि हात तेलकट झाला की आवरते घेत. म्हणून लोक तेल जरा जास्तच लावत.

मग थोरली तापाने फणफणली. धाकटी बत्ता घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"खल कुठाय?" ती म्हणाली. "औषध कुटायचंय."

"त्यात बटणं आहेत," थोरली म्हणाली, आणि दोघी रडल्या.

थोरली बरी झाली तेव्हा धाकटीने तिला एक टॉवेल भरतकाम करून दिला. काठावर बदके. कौतुकाची गोष्ट होती, पण तिचे पाहून बेटावर समेटाची साथच आली. ज्याच्या त्याच्या गळ्यात जो तो. अबोल्याला एक माणूस उरला नाही. गाठ मारायला बहिणीच येत राहिल्या, सवयीने.

"हळू गं, खांदा दुखेल तुझा."

"तूच नको ओढूस. मी बघते ना."

दोघी बघत होत्या, ओढत कुणीच नव्हते. एका सकाळी शाळेत ऊन मागच्या खिडकीतून आले. मास्तरांनी अख्खा वर्ग उलटा फिरवून बसवला. अध्यक्ष म्हणाले, "बेट हललेलं नाही. सूर्य हलला असेल." मला तेल लावायचेही लोक विसरले.

त्याच संध्याकाळी धुके उतरले, आणि होडीवाला अजून समुद्रावर होता. होडीवाला म्हणजे थोरलीचा नवरा. धुक्यात तो डोळे मिटूनच वल्हवतो. बेट जागच्या जागी असणार यावर त्याचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास. बेट जागेवर नसेल तर तो बाजूने निघून जाणार, थेट मोकळ्या समुद्रात.

सगळे धावत किनाऱ्यावर आले. दोर ओढून ओढून त्यांनी बेट जागेवर आणले, पण ते धरून किती वेळ उभे राहणार? गाठ हवी होती. मास्तर आणि अध्यक्ष पुढे झाले.

"आपण मूर्ख आहात," मास्तर म्हणाले.

"आभारी आहे. आपणही," अध्यक्ष म्हणाले.

गाठ सुटली. मग बहिणी आल्या. थोरली रडत रडतच दोर ओढू लागली. "ताई, रडू नकोस, येतील भाऊजी," धाकटी म्हणाली आणि तिला जपण्यात दोर सोडून बसली. गाठ पुन्हा सुटली. दोर शेवाळाने बुळबुळीत झाला होता. तो पुसायला थोरलीने कमरेचे एक फडके उपसले. माशांच्या खवल्यांनी भरलेले, काळेकुट्ट.

धाकटीने त्याचा काठ पाहिला.

"ताई. हा माझा टॉवेल आहे."

"कुठला? हा होय? अगं, तो बटाट्यांचा काठ असलेला..."

"बटाटे? बदकं आहेत ती!"

"बदकांना पाय असतात!"

"ती पोहतायत! चार महिने डोळे फोडले मी, आणि तू त्यानं होडी पुसतेस? आईचा खलसुद्धा असाच वापरलास!"

"खल काढू नकोस हं!"

दोघींनी तोंडे फिरवली. दोर ओढला. मित्रांनो, सुताराच्या बायकोनंतर असा हिसका मी अनुभवला नव्हता. बेट गचकन थांबले. पार विहिरीतले पाणी डुचमळले. आणि थोड्या वेळाने धुक्यातून होडीचे नाक येऊन किनाऱ्याला टेकले. होडीवाल्याने डोळे उघडले.

थोरलीने तोंडात पदर कोंबला.

"काय झालं एवढं?" त्याने विचारले. मग खाली पाहिले. "अरेच्चा, माझं होडीचं फडकं इथं कसं?"

धाकटीने दोराला आणखी एक हिसका दिला. माझ्या डोक्याला भेग पडली ती तेव्हा.

पुढे काय झाले विचाराल. दुसऱ्या दिवशी थोरलीने टॉवेल उकळून, घासून स्वच्छ केला आणि धाकटीला दाखवायला माझ्यावर वाळत घातला. धाकटी गाठ मारायला आली, तिला बदके दिसली, कालचे सगळे आठवले आणि गाठ अशी झकास बसली की होडीवाला म्हणाला, "हा इथंच राहू दे." तेव्हापासून टॉवेल रोज संध्याकाळी धुऊन इथे येतो. गाठ बसेपर्यंत दोघींचा अबोला. बसली की धाकटी म्हणते, "चल, कुटायचं राहिलंय," आणि दोघी एकाच वाटेने जातात. खल आणि बत्ता आता एकाच घरी असतात.

माझ्याकडे हल्ली कुणी बघत नाही. भाषणे टॉवेलवर होतात. अध्यक्षांनी परवा त्याला 'बेटाचा आधारस्तंभ' म्हटले. माझी तक्रार नाही. संध्याकाळी होडी टेकल्याचा आवाज येतो, तेवढे मला पुरते.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा, त्यांच्यावर कोण कोण विसंबून आहे ते ध्यानात ठेवा वगैरे जे मी सांगायला हवे ते तुम्हाला ठाऊकच आहे. माझे मागणे लहान आहे. टॉवेल टांगा, खुशाल टांगा. फक्त आधी नीट पिळा. पाणी भेगेत जाते.