ग्राफची रेघ

अप्पांचा उजवा डोळा मधोमध अंधारला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता डावा सांभाळा. त्यासाठी मोबाईलवरची एक तपासणी होती. रोज सकाळी उजवा डोळा झाकायचा, पडद्यावरच्या चौकटी बघायच्या आणि रेघ वाकडी दिसेल तिथं बोट लावायचं. तसं झालं की दवाखान्यातून लगेच बोलावणं येणार. इंजेक्शन वेळेत मिळालं की नजर वाचते.

मी त्यांची एकुलती एक मुलगी, भुवनेश्वरी, नोकरीला पुण्यात. आई गेल्यापासून अप्पा सोलापुरात एकटेच. त्यांना नवा फोन दिला, चार-चार वेळा शिकवलं आणि परत आले. मग रोज सकाळी त्यांची तपासणी झाली की माझ्या फोनवर आपोआप 'ठीक' यायला लागलं. खोटं कशाला बोलू, त्या 'ठीक'पायी मी त्यांना फोन करणंच सोडलं. खुशाली कळतेय, मग बोलायचं काय? एवढी मी शहाणी!

पाच महिने 'ठीक' आलं. मग शेजारच्या सुंदरम्मा मावशींचा फोन आला.

"तुजं अप्पा कपातला च्या बशीभाईर वततायत गं. लवकर ये की."

डॉक्टरांनी डावा डोळा तपासला. आत रक्त साचून व्रण झाला होता. "दोन महिने आधी आला असता तर..." एवढंच ते म्हणाले. मी तिथंच अप्पांवर भडकले.

"रेघा वाकड्या दिसत नव्हत्या तुम्हाला?"

"दिसत व्हत्या की. लई दिस झालं."

"मग बोट का नाही लावलं?"

"आगं, चाळीस वर्सं ग्राफवर चादरीची नक्षी काढली म्या. ग्राफची रेघ कवा वाकडी आसती व्हय? वाकडी दिसली तर खोट आपल्या नजरंत. चांगल्या रेघंला वाकडी कसं म्हनू?"

अप्पा, नजरेचीच तर तपासणी होती! पण बोट कसं लावायचं ते मी शिकवलं, कशासाठी ते एकदाही धड सांगितलं नाही. मला रडू आवरेना.

अप्पांनी चाचपडत माझा हात धरला. "भुवना, कडंचं केस तेवढं दिसत्यात गं तुजं. पांढरं झालं व्हय? तोंड काय दिसंना. मागल्या बारीला आलीस तवाच नीट बगून घ्याय पायजे हुतं."

मागच्या वेळी ते बघतच होते. मीच दोन दिवस त्यांच्यावर खेकसत होते, "माझ्या तोंडाकडं काय बघताय अप्पा, फोनमध्ये बघा!"