जॅक उचलतो, घोडी धरते

मित्रांनो, जरा डोळे मिटून घ्या आणि माझ्याबरोबर या. तुमच्या डोक्यावर एक बस आहे, खुर्च्यांसकट, खिडक्यांसकट. ती खाली ठेवता येत नाही. तुम्हाला हलताही येत नाही. शेजारी एक वयस्कर मेस्त्री पाठीवर झोपून त्या बसखाली सरकायच्या बेतात आहेत. त्यांनी जाऊ नये हे तुम्हाला कळते आहे, पण तुम्हाला तोंड नाही.

मिटलेत डोळे? आता तुम्ही म्हणजे मीच झालात. मी एक जुना जॅक आहे.

भट्टीत तापवून माझे अंग घडवले, पोटात तेल भरले आणि वरून लालभडक रंग दिला. दांडा दाबला की पोटातले तेल मला ढकलते आणि माझे डोके हळूहळू वर चढते. बस दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी आलो, तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. "लाल्याला आणा," अशी चारी बाजूंनी हाक यायची. आता नवी यंत्रे आली आहेत. माझा रंग केव्हाच उडाला, नाव तेवढे उरले. मी कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. पण तुम्हाला सांगायची आहे ती माझ्या भर उमेदीतली गोष्ट.

त्याच्याही आधी तिथे शिकणे म्हणजे चोरी करणे होते. जुना कारागीर अवघड काम करू लागला की मुद्दाम पाठ फिरवायचा. सगळे शिकवले तर उद्या हा माझ्याच डोक्यावर बसेल, ही भीती. शिकणारे तिरक्या नजरेने बघायचे, अर्धेमुर्धे शिकायचे आणि चुकले की चूक झाकून टाकायचे. झाकलेली चूक मग रस्त्यावर उघडी पडायची. बस वाटेतच बसकण मारायची आणि इकडे सगळे एकमेकांकडे बोट दाखवायचे.

मग मेस्त्रीकाका आले. त्यांची शिकवण्याची रीत जगावेगळी होती. नव्या माणसाला भाषण नाही, ओरडणे नाही. मी बस उचलायची आणि नव्या माणसाने घोडी लावायची. घोडी म्हणजे लोखंडी टेकू. जॅक फक्त उचलतो, धरून ठेवते ती घोडी. नुसत्या माझ्या भरवशावर कोणी बसखाली जाऊ नये, आणि हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. घोडी लागली की काका चाकांच्या फळीवर आडवे व्हायचे आणि विचारायचे, "मी जाऊ खाली?"

बस, एवढेच. बरोबर की चूक, ते सांगायचे नाहीत. ज्याच्या कामाखाली आपल्या गुरूचा जीव जाणार, तो मग धावत जाऊन पुन्हा बघायचा. चूक असली तर त्याची त्यालाच सापडायची. हळूहळू मुरलेले कारागीरही एकमेकांना म्हणू लागले, "जरा बघतोस का रे, माझ्या नजरेतून काही सुटलंय का?" वाटेत बंद पडणाऱ्या बस कमी झाल्या.

अशात एक मुलगी कामाला आली. असेल तुमच्या मोठ्या ताईएवढी. सगळ्यांत लहान म्हणून वायरमनने तिचे नाव शेंडेफळ ठेवले. मामाच्या गॅरेजात ट्रक खोलत ती वाढली होती. हात चलाख, आणि जीभ त्याहून.

"एवढुसा पाना घेऊन काय दात कोरणार आहेस?" वायरमनने चिडवले.

"तुमचेच कोरते. आ करा."

वर्कशॉपच्या साहेबांनी मात्र तिला पहिल्याच सकाळी बजावले होते, "अजून तुला ठेवलेलं नाही, नुसतं बघतोय. मोठी चूक झाली की तुझा रस्ता तुला मोकळा."

एक दिवस एका बसची हवेची नळी गळू लागली. मी मागची बाजू उचलली. तिने चाक काढले आणि घोडी लावली. दोन चाकांना जोडणारा एक जाड आडवा दांडा असतो, त्याच्याखाली. घोडी सरळ होती, घट्ट होती, तसूभरही हलत नव्हती. मामाच्या गॅरेजात तिला कोणी नावे ठेवली नसती.

पण ट्रक बसतो लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगांवर. ही बस रबरी फुग्यांवर बसलेली होती, आणि फुग्यांत असते नुसती हवा. मी तो आडवा दांडा उचलला होता, घोडीनेही दांडाच धरला होता. दांड्यावर फुगा आणि फुग्यावर बस. नळी सोडवली की हवा जाणार, दांडा जागच्या जागी राहणार आणि बसचे धड खाली येणार.

काका फळीवर आडवे झाले, एक खांदा बसखाली. "मी जाऊ खाली?"

"जा काका." तिने वळूनही पाहिले नाही. ती चाकाचे बोल्ट डब्यात टाकत होती.

गळक्या नळीतून बारीक सुस्स आवाज येत होता. फुगा मऊ पडत चालला होता. बस केसभर खाली आली. ते कोणाला दिसले नाही, पण मला कळले.

काका जागचे हलले नाहीत. "बसला कुणी धरलंय, सांग बरं."

"घोडीनं. आणखी कुणी?"

"हात लावून दाखव. खालून वर."

तेवढ्यात साहेब आले. "मेस्त्री, बस दुपारी सुटायची आहे. घोडी लागलीय, मला इथून दिसतेय. पोरीची परीक्षा नंतर घ्या."

"परीक्षा माझी चाललीय, साहेब," काका पडल्यापडल्या म्हणाले. "निकाल तिच्या हातात आहे."

ती उकिडवी बसली. तिने घोडीला हात लावला. मग दांड्याला. मग हात वर गेला आणि रबराला टेकला. रबर तिच्या बोटांखाली दबले. तिचा हात तिथेच थांबला.

तिने एकदा साहेबांकडे पाहिले. चूक कबूल करावी तर साहेब समोरच उभे. काहीतरी निमित्त काढून, हळूच घोडी बदलता आली असती. पण काकांचा एक खांदा बसखाली होता आणि फुगा सुस्कारत होता. मित्रांनो, त्या क्षणाएवढे ओझे मी आयुष्यात कधी पेलले नाही.

"काका, बाहेर या."

"का गं?"

"आधी बाहेर या. बसला कुणीच धरलेलं नाही. मी चुकले."

काका फळीसकट मागे सरकले. तिने भिंतीशी ठेवलेल्या दोन उंच घोड्या ओढत आणल्या आणि बसच्या सांगाड्याखाली लावल्या.

"आता जाऊ?" काकांनी विचारले.

"थांबा. आधी हवा सोडते. सगळे लांब व्हा."

बाहेरूनच हात लांबवून तिने हवेची तोटी उघडली. मोठा उसासा टाकत बस चार बोटे खाली उतरली आणि घोड्यांवर टेकली. त्या घोड्या नसत्या तर ती अजून किती खाली आली असती, हे प्रत्येकाने आपल्याआपल्या डोळ्यांनी मोजले.

साहेबांनी वाकून तो फुगा पाहिला. "बस संध्याकाळी सोडू," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पुढच्या आठवड्यात आणखी एक जण येतोय, ट्रकच्याच गॅरेजातून. त्याला हे तू दाखवायचंस."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, तेल घालत जा, एवढी माझी विनंती आहे. आणि कोणी तुम्हाला उत्तर न देता प्रश्न विचारत थांबले, तर त्या माणसालाही जपा. त्याच्यापासून आपली चूक लपवू नका. तो तुमच्यासाठी काय पणाला लावून बसला आहे, ते तुम्हाला दिसत नसते.

काका पुन्हा फळीकडे वळले, तर शेंडेफळ तिच्यावर आधीच आडवी झाली होती.

"तुमचे गुडघे दुखतायत, मला दिसतंय," ती म्हणाली. "नळी मी बदलते. तुम्ही बाहेर बसून सांगा."

तिने पाना हातात घेतला आणि ती बसखाली सरकली.