चाकाच्या पोटातला पीळ

मित्रांनो, टायर तुम्ही रोज पाहता. काळा, गोल, खरबरीत. पण त्या काळ्या रबराच्या आत कोण राहतं, हे तुम्हाला कधी कोणी दाखवलंय का? तिथे मी राहतो. मी दोऱ्यांचा एक जुना थर आहे. गाडीचं वजन उचलते हवा, रस्त्याशी घासतं रबर, आणि त्या हवेला मिठीत घट्ट धरून ठेवायचं काम माझं. मी नसलो तर टायर म्हणजे जत्रेतला फुगाच.

माझा जन्म जालन्याच्या एमआयडीसीतला. यंत्राच्या एका बाजूने नायलॉनचे पांढरे धागे यायचे. आधी एकेकाला वेगळा पीळ बसायचा, मग दोघांना एकत्र उलटा पीळ द्यायचे आणि त्याचा दोरा व्हायचा. असे पुष्कळ दोरे शेजारी शेजारी उभे लावून मला विणलं. आडवा धागा मात्र अगदी विरळ आणि सुतासारखा बारीक. आम्हा उभ्या दोऱ्यांना रांगेत धरून ठेवण्यापुरताच तो असतो. पुढे टायरला गोल आकार देताना तो बिचारा तुटून जातो आणि त्याचं नावही कोणी काढत नाही. मी काढतो. त्याने हात धरला नसता, तर आमचा सगळा गुंताच झाला असता.

मी कसा असावा हे ठरवलं अर्पिताने. ती हसनाबादची. कापडाचं शिक्षण घेऊन इथे नोकरीला लागलेली. दोरा किती जाड, पीळ किती, दोरे किती दाट, हे सगळं तिच्याकडे होतं. तिची लहान मुलगी नवीन जालन्यात घरी, आजीजवळ असायची. दुपारी आजीचा, म्हणजे वंदनाबाईंचा फोन यायचा, "निजली गं पोर. तू जेवलीस का?" अर्पिता मला हातात धरूनच "हो, हो" म्हणायची. डबा तसाच बंद असायचा.

तिची अडचण पिळाची होती. दोऱ्याला पीळ कमी दिला तर तो ओढायला फार ताकदवान होतो, पण पुन्हा पुन्हा वाकवला की लवकर थकतो. पीळ वाढवला तर ओढायची ताकद थोडी उतरते, पण वाकणं मात्र तो हसत सोसतो. अर्पिताने माझा पीळ वाढवला. यंत्राने माझा एक दोरा ओढून तोडला आणि ताकदीचा आकडा आधीच्या कापडापेक्षा कमी आला. तो पाहून तिचे साहेब खुर्चीत मागे रेलले.

"मॅडम, आकडा कमी आला तर गिऱ्हाईक आपल्याला विचारेल."

"सर, नियमाच्या वरच आहे तो. आणि ओढायची एवढी ताकद कधीतरी लागते. वाकावं तर चाकाच्या दर फेरीला लागतं."

"हवा बरोबर भरली तर एवढं वाकायचा प्रश्नच येत नाही. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं."

अर्पिता हसली. "सर, आमच्या गावाकडे मे महिना लागला की लोक पहिलं काम काय करतात? टायरमधली हवा काढतात. ऊन लागलं की हवा फुगते आणि टायर फुटतं म्हणतात. माझे चुलते दरवर्षी काढतात."

"मग समजवा की चुलत्यांना!"

"समजावलं ना. ते म्हणाले, तू कापडाचं शिकली पोरी, आम्ही गाडी चालवू चालवू म्हातारे झालो."

साहेब मोठ्याने हसले. अर्पिता मात्र हसायची थांबली होती. "सर, लोकांना समजेल तेव्हा समजेल. तोवर कापडाने तग धरायला पाहिजे. त्या गाड्यांत माणसं बसतात."

साहेबांनी मला बोटांत धरून उगाच उलटंपालटं केलं. "हा हसनाबादचा पीळ दिसतोय," ते म्हणाले. "जाऊ द्या पुढे."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा क्षण. पण तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

पुढे मला तपकिरी, चिकट द्रावणात बुडवलं, भट्टीतून ताणून नेलं, आणि लोखंडी रुळांमध्ये दोन्ही बाजूंनी रबर चढवलं. मग तिरपं कापून एकावर एक थर रचले. एकाचे दोरे डावीकडे झुकलेले, दुसऱ्याचे उजवीकडे. साच्यात घालून तापवल्यावर आम्ही सगळे एकजीव झालो. त्यानंतर उजेड काही मी पाहिला नाही.

मला विकत घेतलं धावड्याच्या बद्रीनाथने, त्याच्या पिकअप गाडीसाठी. त्याने मागची दोन्ही चाकं नवी केली. मी डावीकडे, आणि माझ्यासोबतच बनलेला माझा भाऊ उजवीकडे. बद्रीनाथने आम्हाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि ते पाणी चाकांवर शिंपडलं. कुंकू रबराला लागलं, मला नाही. पण त्या दिवशी मीही आतल्या आत ताठ बसलो होतो.

कामाचे दिवस फार चांगले गेले. सकाळी धावड्याच्या बायकांना मिरची तोडायला हसनाबादकडच्या शेतात न्यायचं, दुपारी त्यांना आणि मिरचीची पोती घेऊन परत यायचं. लोक म्हणायचे, "बद्रीनाथ, गाडी मस्त पळून राह्यली." तो म्हणायचा, "इंजिनच तसं हाय!" माझं नाव कोणी घेतलं नाही. खरं सांगू? त्याचं वाईटही वाटलं नाही. पोटात राहणाऱ्याला कोण पाहतं? गाडीत बसलेली बाई निर्धास्तपणे डुलकी घेते, यातच माझी वाहवा होती.

मग मे महिना लागला. रस्त्यावरचं डांबर मऊ पडायला लागलं. एका सकाळी बद्रीनाथ माझ्याजवळ उकिडवा बसला, हवा भरायच्या वॉलचं टोपण काढलं आणि फुस्स करून हवा सोडली. उजवीकडे माझ्या भावाकडे गेला, तर त्याचं टोपण गंजून घट्ट बसलेलं. बद्रीनाथने पक्कड लावली, शिव्या घातल्या, टोपण काही निघेना.

"जाऊ दे तिच्यायला, उद्या पाहू," असं म्हणून तो उठला. तो उद्या काही आला नाही.

मुलांनो, हवा कमी झाली की माझं काय होतं ते तुम्ही घरी करून पाहू शकता. एखादी बारीक तार घ्या आणि एकाच जागी पुढेमागे, पुढेमागे वाकवा. थोड्याच वेळात तिथे बोट लावा. गरम लागेल. उन्हात न ठेवताही गरम लागेल. चाकात हवा भरपूर असली की मी ताठ उभा असतो. हवा कमी झाली की रस्त्याला टेकेल तिथे मी दुमडतो, वर गेलो की सरळ होतो, खाली आलो की पुन्हा दुमडतो. त्या दुमडण्यानेच मी तापत होतो. बद्रीनाथला वाटायचं, ऊन तापवतंय. मग तो आणखी थोडी हवा काढायचा.

त्याची काही वाईट भावना नव्हती. तो माझी काळजीच घेत होता. पण काळजीही उलट्या बाजूने घेतली की चटके देते.

त्या दुपारी पोती काठोकाठ भरली होती. त्यांच्यावर बायका बसल्या होत्या, आणि बरोबर माझ्या वरच्या बाजूला शालू बसली होती. तिचं तान्हं बाळ तिच्या मांडीवर, पदराखाली झोपलं होतं. घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून ती त्याला शेतावर आणायची. गाडी निघाली आणि थोड्या वेळाने मला कळलं, आता आपलं काही खरं नाही. माझ्या खांद्याजवळचं, म्हणजे टायरच्या कडेचं, रबर तापून मला सोडत होतं. एक दोरा तुटला. मग त्याच्या शेजारचा. तिथे हवेने बाहेर डोकं काढलं आणि टायरच्या अंगावर एक फुगा आला. तो रस्त्याला लागला की धप्प, फिरून आला की पुन्हा धप्प.

पुढे नदीवरचा पूल होता. अरुंद, आणि त्याला कठडा नाही. त्या पुलावर मी फुटलो असतो तर गाडी डावीकडे ओढली गेली असती. डावीकडे काय होतं, हे मला सांगवत नाही.

मला बोलता येत नाही. मला फक्त धरून ठेवता येतं. जे दोरे शाबूत होते, त्यांनी तुटलेल्यांचा भार अंगावर घेतला. वाकायचं, सरळ व्हायचं, पुन्हा वाकायचं. आम्ही त्या पिळासकट जन्मलो होतो, म्हणून ते जमत होतं. बस, वरचं बाळ जागं होऊ नये, एवढंच मनात होतं.

"बद्रीनाथ!" वरून नंदाबाईंचा आवाज आला. बायकांच्या टोळीत त्या सगळ्यांत वडील. "गाडी उड्या मारून राह्यली रे!"

"रस्ताच तसा हाय, काकू."

"रस्ता रोजच तसा हाय. गाडी आजच उड्या मारून राह्यली. उभी कर."

"पूल ओलांडू द्या, मंग पाह्यतो. फाट्यावर भिवाचं पंक्चरचं दुकान हाय."

"लेकरू हाय गाडीत. उभी कर म्हणते ना आत्ताच्या आत्ता!" नंदाबाईंनी केबिनच्या टपावर विळ्याची मूठ आपटली.

बद्रीनाथने कुरकुरत पुलाच्या अलीकडे गाडी उभी केली. शालू बाळाला छातीशी धरून आधी उतरली. मग नंदाबाई उतरायला लागल्या. त्यांनी आधारासाठी माझ्यावर हात टेकला आणि झटकन मागे घेतला.

"अगं माय! तव्यावानी तापलंय की हे."

बद्रीनाथने वाकून पाहिलं. फुगा पाहून त्याचा चेहरा उतरला. तरी हात सवयीने वॉलकडेच गेला. "ऊन फार हाय. थोडी हवा काढतो, म्हणजे गार पडंल."

ती हवा गेली असती आणि गाडी पुलावर चढली असती, तर मी काहीच करू शकलो नसतो, मित्रांनो.

नंदाबाई हात फुंकत गाडीच्या पलीकडच्या बाजूला, सावलीला गेल्या होत्या. तिथे त्यांनी माझ्या भावावर हात ठेवला. ठेवला तो ठेवलाच. "बद्रीनाथ, इकडं ये रे. हे तर नुसतं कोमट हाय."

"असं कसं?"

"हात लाव की तू. चाक चावत न्हाई."

त्याने हात लावला. इकडे आला, माझ्यावर बोट टेकवलं आणि ओढून घेतलं. पुन्हा तिकडे गेला.

"दोघांवर ओझं सारखंच," नंदाबाई म्हणाल्या. "सकाळपासून ऊन दोघांनी सारखंच खाल्लं. मंग हेच का तापलं?"

बद्रीनाथने माझ्या भावाच्या गंजलेल्या टोपणावर अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाला, "त्याची हवा मी काढलीच न्हाई, काकू. टोपण निघलंच न्हाई."

"मंग?"

"मंग मी इतकी वर्षं उलटंच करून राह्यलो का?"

"ते मला काय इचारतो? माझा हात भाजलाय," नंदाबाई म्हणाल्या, आणि सगळ्या बायका हसल्या. भीती गेल्यावर माणसं हसतात तसं. बाळ तेवढ्यात जागं झालं आणि रडायला लागलं. त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

तिथेच जॅक लावून मला उतरवलं आणि स्टेपनी चढवली. बायका पूल पायीच ओलांडून गेल्या.

फाट्यावर भिवाने मला कापून उघडलं. इतक्या काळाने माझ्यावर उजेड पडला. खांद्याजवळ माझे दोरे उघडे पडले होते, काही तुटले होते, काही होरपळले होते. बाकीचे मात्र जिथल्या तिथे होते. भिवा खाली बसला आणि बोटाने एकेक दोरा चाचपत राहिला.

"एवढं तुटल्यावर हे जाग्यावरच फुटायला पाह्यजे होतं, बद्रीनाथ. कशानं धरलं काय माहीत." मग मान खाली घालून म्हणाला, "उन्हाळ्यात हवा कमी ठेवा म्हणून मीच सांगत आल्तो सगळ्यांना."

कशाने धरलं ते मला माहीत होतं. पण जालन्यातल्या त्या अर्पिताला हे कोण सांगणार? तिला वाटत असेल, आपलं एक कापड कुठल्याशा टायरात गेलं आणि झिजून संपलं. तिने मला थोडा जास्त पीळ दिला, म्हणून एक बाळ त्या दिवशी आईच्या मांडीवर घरी गेलं. तिच्यापर्यंत माझा आवाज पोचणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. कधी कोणी असं न दिसणारं काम करताना दिसलं, तर माझ्या वतीने त्याच्याशी दोन शब्द गोड बोला.

भिवाने माझा तुकडा दुकानाच्या दारात टांगला आहे. मे महिन्यात कोणी म्हणालं, "हवा थोडी कमी कर रे," की तो माझ्याकडे बोट दाखवतो. हा मान मला कधी मिळेल असं वाटलं नव्हतं. मी कोणावर रागावलेलो नाही. मला चांगली माणसं मिळाली, चांगलं काम मिळालं, आणि कामाच्या वेळी मी सुटलो नाही. आणखी काय हवं?

फक्त एवढं करा. तुमच्या घरी सायकल असो, मोटारसायकल असो की ट्रॅक्टर, सकाळी चाक गार असताना सायकलच्या टायरवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिली आहे तेवढी हवा भरायला घरच्यांना सांगा. ऐकणार नाहीत, हसतील, तरी सांगा. तुमच्या त्या चाकाच्या आतही माझ्यासारखा कोणीतरी आहे. त्याला बोलता येत नाही.

परवा सकाळी बद्रीनाथची गाडी इथे हवा भरायला थांबली होती. बायका खालीच उभ्या होत्या, कोणी चढेना. शालूने बाळाला कडेवर घेतलं, त्याचा इवलासा तळवा धरून मागच्या डाव्या चाकावर टेकवला, मग फिरून उजव्या चाकावर टेकवला. बाळ खिदळलं.

"बराबर हाय," शालू म्हणाली, आणि मग सगळ्याजणी गाडीत चढल्या.