गावपळणीत भरलेली बाव

देवीच्या बावीत, म्हणजे देवळाजवळच्या विहिरीत, पाणी आलं, ही बातमी गाव घरी पोचायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडी झाली. देवीचा कौल घेऊन काही दिवस सगळा गाव रिकामा करायची रीत म्हणजे गावपळण; ती संपवून माणसं गुरं, कोंबड्या, गाठोडी घेऊन शिवेवरून परतत होती. घरची कुलपं उघडायची सोडून सगळी सड्यावरच्या, गावावरच्या कातळपठारावरच्या, देवळाकडे धावत सुटली. खालच्या अंगाला चिरेखाण खणताना झरा तुटला, तळाला भेग गेली आणि तेव्हापासून ही बाव कोरडी ठणठणीत होती. आता तिच्यात पुरुषभर पाणी होतं. बायकांनी काठावर कापूर लावला, कोणाच्या अंगात आलं, कोण रडायलाच लागलं.

बावीच्या कठड्याशी जलयोगी महाराज गावपळण सुटताच सगळ्यांच्या आधी येऊन डोळे मिटून बसले होते. ते मुळात कुठले, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पंचायत समितीचे सभापती जितेंद्रशेठ यांच्या गाडीतून ते आले, एवढंच ठाऊक होतं. गावपळणीआधी त्यांनी सांगितलं होतं, "गाव रिकामा होऊ द्या. माणसाचा श्वास थांबला की पाताळातली गंगा श्वास घेईल." गंगेला फुप्फुसं कधी फुटली, हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. आता त्यांनी एक डोळा उघडून जाहीर केलं की देवीनं खाणीला क्षमा केली आहे.

हे शेवटचं वाक्य ऐकून शाळेतल्या शिक्षिका नर्मदाबाईंच्या कपाळाला आठी पडली. खाण जितेंद्रशेठची. ती उरलेल्या सड्यावर वाढवायला त्यांना ग्रामसभेची संमती हवी होती आणि गाव आजवर नाही म्हणत आला होता. खाणीनं बाव आटवली, उद्या वाडीच्या विहिरी आटवेल, ही भीती होती. आता बावच भरली म्हटल्यावर नाही म्हणायला तोंड कुठलं? ग्रामसभा रविवारी होती.

बाईंनी सगळ्यांसारखं तीर्थ घेतलं, पण बाटलीतून शाळेत नेलं. पाण्यात क्लोरीन असला तर पाणी पिवळं करणारं औषध शाळेच्या कपाटात होतं. त्याचे थेंब टाकताच घरच्या विहिरीचं पाणी होतं तसंच राहिलं आणि देवीचं तीर्थ हळद कालवल्यासारखं पिवळं झालं. पाताळात क्लोरीन कोण घालतं? तसं पाणी गावात एकच होतं, नळयोजनेच्या टाकीतलं, आणि टाकी देवळाच्या वरच्या अंगाला होती.

बाई तिथंच बाकावर बसल्या. त्या टाकीची किल्ली त्यांच्याच घरात खुंटीला असायची. त्यांचा निलेश नळयोजनेवर कंत्राटी होता, सभापतींच्या शब्दावर लागलेला. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं वाढवलेला मुलगा. आणि गावपळणीत सगळा गाव शिवेबाहेरच्या झोपड्यांत राहिला असताना, मालवणात ऑफिसचं काम आहे म्हणून तो आलाच नव्हता.

संध्याकाळी त्यांनी त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि विचारलं, "गावपळणीत तू खंय होतस?"

निलेश भात चिवडत म्हणाला, "माका कायम करतले म्हणान सांगल्यानी, आई."

आणि एकदा बोलायला लागल्यावर सगळंच बाहेर आलं. गाव रिकामा झाल्यावर खाणीच्या माणसांनी दिवसाढवळ्या चर खणला. खालच्या वाडीच्या नळांसाठी आलेले सरकारी पाइप त्यात पुरले, टाकीपासून थेट बावीपर्यंत. बघायला कोण होतं? कौल होऊन गाव बाहेर पडला की शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही, टाकणाऱ्याचं वाईट होतं, असं इथलं लहान पोरही सांगेल. जितेंद्रशेठनी नेमका तोच भरवसा धरला होता.

निलेशला पाइपाचं फारसं काही वाटत नव्हतं. त्याला भीती वेगळीच होती. "गावपळणीत मी गावात शिरलंय ह्या कळला, तर माका वाळीत टाकतले," तो म्हणाला.

पोराला वाचवायचं तर गप्प बसावं लागणार होतं, आणि गप्प बसलं तर वाडी तहानेनं मरणार होती. शेवटी त्या म्हणाल्या, "तुझा नाव माझ्या तोंडातसून येवचा नाय. पण पाण्याबद्दल मी बोलतलंय."

रविवारी देवळाच्या नव्या सभामंडपात ग्रामसभा भरली. मंडपही सभापतींच्या निधीतला. खाण वाढवायचा ठराव वाचून झाला तशा बाई उठल्या आणि सगळ्यांदेखत दोन ग्लासांत औषध टाकलं. नळाचं पाणी पिवळं झालं, बावीचंही पिवळं झालं. कुजबुज सुरू झाली.

जितेंद्रशेठ माइकवर मोकळेपणानं हसले. "बाई, तीर्थात जंतू होऊ नयेत म्हणून आपल्या गुरवांनी पावडर टाकली. हो ना, बाबली?"

बाबली गुरवानं खाली बघत मान हलवली. त्याच्या दारापर्यंत सभापतींनी नुकत्याच करून दिलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर अजून ओली पोती होती. बाईंचा पुरावा एका मानेच्या हलण्यानं वाहून गेला. लोक आता त्यांच्याकडे रागानं बघू लागले.

"मग टाकीचा व्हॉल्व बंद करा," बाई म्हणाल्या. "पाणी देवीचं असेल तर बाव भरलेलीच राहील."

महाराजांनी देवीच्या कोपाची धमकी दिली. जितेंद्रशेठचं हसू गेलं. व्हॉल्व ही सरकारी मालमत्ता आहे, त्याला कोणी हात लावायचा नाही, असं बजावून त्यांनी हात पुढे केला. "निलेश, किल्ली इकडे दे."

सगळ्यांच्या नजरा निलेशकडे वळल्या. बाईंनी मात्र त्याच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं. निलेश उठला, सभापतींच्या हाताला वळसा घालून मंडपाबाहेर पडला आणि टाकीकडे चढू लागला.

मग सगळे बावीच्या काठाला लागले. बराच वेळ काहीच झालं नाही. महाराजांनी विजयी मुद्रेनं जप सुरू केला. एवढ्यात कठड्याखालचे चिरे ओले दिसायला लागले. भेगेतून पाणी झिरपत होतं आणि वरून येणारं थांबलं होतं. पाणी उतरत गेलं आणि दोन चिऱ्यांच्या मधून काळ्या पाइपाचं तोंड उघडं पडलं. त्यातून शेवटचे काही थेंब गळले. महाराजांचा जप कधी थांबला आणि ते गाडीत कधी जाऊन बसले, हे कोणी पाहिलंच नाही.

पण गावाचा पहिला प्रश्न पाइपाचा नव्हता. "गावपळणीत गावात कोण शिरलो?" कोणीतरी विचारलं.

"मी," टाकीवरून उतरलेला निलेश म्हणाला. "मी आणि खाणीची माणसा."

जवळ उभ्या बायका त्याच्यापासून दूर सरकल्या. आता बाई पुढे झाल्या आणि शाळेतली मराठी बाजूला ठेवली.

"हो माझो झील. गाव रिकामा होतो तेव्हा हो हयच होतो. तेका काय झाला? देवी कोपाक नाय. कोपतले ते सभापती, आणि नोकरी जातली तेची. पायप आमचे, पाणी आमचा, बाबलीच्या दारातलो रस्तो आमचो, माझो झीलय आमचोच. जितेंद्रशेठन स्वतःचा काय दिल्यान? आमचाच आमका वाटल्यान आणि आमचीच तोंडा बंद केल्यान."

बाबली गुरव पुढे आला. "पावडर मी टाकूक नाय," तो म्हणाला, आणि ठरावाविरुद्ध पहिला हात त्याचा वर गेला. मग एकेक करत हात वाढत गेले. जितेंद्रशेठ मोजणी व्हायच्या आधीच निघून गेले.

सोमवारी निलेशला कामावर येऊ नको असा निरोप आला. पुढची नोकरी कुठली, हे ना त्याला ठाऊक ना बाईंना. दोघंही त्या रात्री नीट जेवली नाहीत, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण निलेश दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन सड्यावर गेला, तेव्हा चर उकरायला बाबलीसकट वाडीतली माणसं आधीच आली होती. पाइप खालच्या वाडीच्या बाजूला वाहून न्यायचे ठरले.

चमत्कार समोर आला की हात जोडण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: हे घडलं कसं, आणि यानं कोणाचं काम होणार आहे. एवढं विचारल्यानं कुठल्याही देवीचा अपमान होत नाही.