नाल्यापल्याडचा उतार

अकराला ऑनलाइन मीटिंग होती, आणि सव्वादहाला आबांनी विचारलं, "मग आमचा ज्योतिबा घावला असंल की आता?"

शिवांजलीचा हात माऊसवरच थांबला. आबा, म्हणजे वडूजचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार नाथाजी, कालच लेकीकडे सांगलीला आले होते. जगात बर्फ किती उरलंय हे उपग्रहांच्या चित्रांवरून मोजणाऱ्या गटात ती काम करायची. तिच्या वाट्याला नेमकं हिमालयातलं तेच खोरं आलं होतं, जिथं आबांनी दोन हिवाळे काढले होते. काल जेवताना तिनं मोठ्या तोऱ्यात नकाशा दाखवला. सहा वर्षांत एकोणीस टक्के बर्फ कमी, नाल्यापल्याडचा अख्खा उतार उघडा! आबांनी नाल्याचं वळण लगेच ओळखलं. मग त्यांनी ताट तसंच सरकवलं.

एकवीस वर्षांपूर्वी त्या उतारावर बर्फाचा कडा कोसळला आणि आबांचा जोडीदार ज्योतिबा त्याखाली गेला. तो सापडलाच नाही. त्याची बायको बनुबाई अजून कुंकू लावते, आणि तिला काही बोलायची गावात कुणाची टाप नाही.

"बर्फ न्हाई म्हणल्यावर माणूस दिसाया नगं?" आबा म्हणाले. "मी सकाळीच बनुवैनीला फोन लावला. म्हणलं, आमच्या शिवानं वरनं बघितलंय. शोधायला अर्ज करू."

शिवांजलीनं उताराचं चित्र पडद्यावर मोठं केलं; सगळं काळंकुट्ट. आकडा चुकला तर चार शहाण्यांत आपली फजिती होईल, एवढीच भीती तिला आजवर ठाऊक होती.

"आबा, त्या उतारावर ऊन कवा यायचं?"

"थंडीत? सकाळी कसलं ऊन! सगळं काळं मिट्ट. आमी चहाचे मग धरून वाट बघायचो. दुपारी एक वाजल्यावर कुठं जरा उजाडायचं."

तिच्या उपग्रहाची फेरी सकाळी साडेदहाची. सहा वर्षांपूर्वी, दुपारी फिरणाऱ्या जुन्या उपग्रहाच्या जागी तो नवा आला, तेव्हा त्याच्या चित्रांसाठी नियम तिनंच लिहिला होता. ठिपका फार काळा दिसला तर तो उघडा कातळ धरायचा. खटावच्या माळावर वाढलेली पोर ती. जन्मात बर्फ पाहिलं ते गोळेवाल्याच्या गाडीवर. पांढरं ते बर्फ आणि काळा तो कातळ, दुसरं सुचणार कुठून? काळं दिसतं ते सावलीतलं बर्फही असेल, हे दोन पदव्या घेऊनही बाईसाहेबांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुपारी दीडला त्याच खोऱ्यावरून दुसरा एक उपग्रह जातो. तिनं त्याची चित्रं मागवली. नेट रडतखडत चाललं होतं आणि घड्याळ मात्र पळत होतं. आधी यंदाचा जानेवारी उघडला. मग त्याच्या मागच्या वर्षीचा, मग त्याही मागचा. सहाही हिवाळ्यांत तो उतार पांढरा होता.

तिनं नियम दुरुस्त केला. एकोणीसाचे सात झाले. बर्फ घटतच होतं, पण त्या उतारावरचं नाही.

अकराला पाच मिनिटं कमी असताना तिनं आपल्या प्रमुखांना, अश्लेषा मॅडमना, फोन लावला. "मॅडम, आकडा सात आहे. चूक माझी आहे."

"देशोदेशीचे लोक जमतायत, शिवांजली. पुढच्या महिन्यात सावकाश दुरुस्त करू."

"नको, मॅडम. त्या आकड्याच्या भरवशावर एक बाई आज अर्ज लिहायला बसलीय."

मॅडमना यातलं काय कळलं देव जाणे. "मग सगळ्यांसमोर तूच सांग," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ती वळली तर आबा दारात उभे. टक्क्यांचं त्यांनी काही विचारलं नाही.

"म्हंजी बर्फ हाय अजून?"

"हाय, आबा." तिनं फोनकडे हात नेला. "बनुकाकूंशी मी बोलते."

"नगं. फोन मी केला व्हता."

पडद्यावर एकेक चेहरा उमटू लागला. तिनं माईक बंद असल्याची खात्री केली. मागं आबांचा आवाज आला. हा आवाज एके काळी परेडचं मैदान हलवायचा.

"वैनी, अर्ज ऱ्हाऊ द्या. घाई माझीच झाली. तिथं अजून ऊन पोचलं न्हाई."