दस्त्यावर उमटणारा गाल

बंदूक म्हटली की तुमची नजर आधी नळीवर जाते, मित्रांनो. आवाज तिचा, दरारा तिचा. पण नळीच्या मागे जे लाकूड असतं, जे नेमबाज खांद्याला लावतो आणि ज्यावर गाल टेकतो, त्याला दस्ता म्हणतात. तो मी. हवेवर चालणाऱ्या, छऱ्याच्या एका साध्या बंदुकीचा दस्ता. मी कुणाचा जीव घेतलेला नाही. कागदावरच्या काळ्या टिकलीपलीकडे माझं कुणाशी वैर नव्हतं. तरीही आमच्या घरात माझ्यासमोरून जाताना माणसं आवाज खाली आणत. का, तेच सांगायला बसलोय. बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी नमन करतात, म्हणून मीही आधी माझ्या झाडाला हात जोडतो. मला हात नाहीत, पण भाव तुम्ही ओळखाल.

दिघीच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. तिथं दादांची नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीतल्या विहिरीजवळ एक फणस होता. तो मी. निसर्ग वादळ आलं तेव्हा नारळ काड्यांसारखे मोडले, आणि मी मुळासकट आडवा झालो. वादळ शमल्यावर दादा माझ्या खोडावर बसून राहिले. शेवटी म्हणाले, "ह्याला जाळायचं नाही. काहीतरी करू."

तसंच झालं. खोडाचा एक तुकडा देवळातल्या पखवाजासाठी गेला. दुसरा दादांच्या मुलाने, सलिलने मागून घेतला. त्याच्याकडे मामांची जुनी बंदूक होती, तिचा दस्ता चिरलेला. गणराज सुताराने मला आकार दिला. म्हणजे बघा, एकाच झाडाची दोन भावंडं: एक देवापुढे बोलायला गेलं, दुसरं श्वास रोखायला शिकलं. संध्याकाळी देवळात पखवाजावर थाप पडली की भिंतीवर टांगलेला मी आतून घुमायचो. कुणाला कळत नसे, सलिलशिवाय. तो मला हात लावून हसायचा.

त्या देवळात बुवांच्या मागे झांज घेऊन उभी राहायची ती सलिलची आई. घरात सगळे तिला आई म्हणतात, मीही म्हणतो. तिचा सूर असा की बुवा कथेत कितीही दूर गेले तरी अभंगाचं ध्रुपद कुठे पडत नसे.

सलिल वाडीभोवतीच्या दगडी गडग्याला कागद लावून नेमाचा सराव करी. माडावरची वानरं खाली येऊन रांगेत बसत आणि बघत. दादा चिडायचे.

"अरे, निदान एकदा तरी त्यांच्या दिशेनं आवाज काढ! शहाळी संपवली त्यांनी."

"दादा, ते माझे प्रेक्षक आहेत."

त्याची थोरली बहीण आश्लेषा म्हसळ्याच्या शाळेत शिकवते. ती यायची आणि म्हणायची, "नेम धरतोयस की बंदुकीच्या कुशीत झोपलायस?"

"श्वास सोडू दे गं ताई. मग चिडव."

आणि तो खरंच श्वास सोडायचा. तो श्वास माझ्या अंगावरून जायचा. मला अजून आठवतो.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याला वाटलं, गाल नीट बसत नाही. मग कानस घेऊन, घरी आलेल्या आश्लेषाशेजारी पडवीत बसला आणि माझ्या कडेवर त्याने गालापुरती एक उथळ खळगी घासली. घासलं की गाल लावून बघायचा, पुन्हा घासायचा. तेवढ्या जागेवरचं जुनं पॉलिश निघून गेलं, लाकूड उघडं पडलं. "उद्या येताना बेलतेल आणतो," मला थोपटत म्हणाला, "मग तुला नीट तेल देतो." बेलतेल म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. लाकडात शिरून वाळतं आणि आत घट्ट होऊन बसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने चांगला नेम मारला. येताना म्हसळ्याला बेलतेलाचा डबा घेतला, पिशवीत टाकला, मला पाठीला बांधलं आणि मोटरसायकलला किक मारली. घाटात धुकं होतं. वळणावर समोरून ट्रक आला.

मी त्याच्या पाठीवर होतो, मित्रांनो. माझ्या अंगावर एक ओरखडासुद्धा आला नाही. त्याच्या पाठीची ऊब मात्र हळूहळू कमी होत गेली, आणि जेवढी गेली तेवढी मला वाटतं माझ्यात शिरली. ती अजून निघालेली नाही.

मला पुन्हा भिंतीवर टांगलं. दादा त्या भिंतीकडे बघेनासे झाले. आईने झांज फडताळात ठेवली ती ठेवलीच. देवळात पखवाज वाजायचा, मी घुमायचो, पण हात लावून हसणारं कुणी नव्हतं.

मग एका रविवारी आई वाटीत खोबरेल घेऊन आली. वाडीचं, घाण्याचं, वासाचं. सलिल लहान असताना दर रविवारी न्हाण्याआधी ती त्याच्या डोक्यावर तेल थापायची. त्याच हाताने तिने मला तेल लावलं. टाळूवर थापावं तसं. पुढच्या रविवारी पुन्हा. खंडेनवमीला हळदकुंकू आणि वर आणखी तेल. माझं बाकीचं अंग पॉलिशखाली होतं, तेल तिथून ओघळून जाई. पण सलिलने उघडी केलेली ती खळगी तहानलेली होती. ती पीत राहिली.

त्या वर्षी पौषात गारठा पडला. सकाळी तुळशी आली. कोळीवाड्यातली, आईची जुनी मैत्रीण. सुकी मासळी देऊन नारळ न्यायची. दारातून आत आली आणि भिंतीसमोर थबकली.

"वयनी, हिकडं ये गो. पयली हिकडं ये."

माझ्या कडेवर पांढरा गाल उमटला होता. जबड्याची रेघ, वरचा उंचवटा, सगळं. खोबरेल थंडीत गोठतं, तुम्ही बाटलीत पाहिलंच असेल. खळगीत मुरलेलं तेल गोठून वर आलं होतं. पण हे कुणाच्या मनात यायचं?

"पोरगा येवन गेलाय," तुळशी हळूच म्हणाली. "खोटा न्हाय बोलत मी."

आई पुढे आली. तिने पांढऱ्या गालावर बोट ठेवलं. बोटाच्या उबेने तो विरघळला, आणि ती इतकी घाबरली की हात मागे घेऊन पदरात लपवला. त्यानंतर गारठ्याच्या दिवसांत ती पहाटे उठून माझ्यापुढे बसू लागली. गाल दिसायचा. ऊन चढलं की ओला होऊन ओघळायचा. "रडतोय," ती म्हणायची. पुढच्या रविवारी तेल जास्तच लावायची.

तिला कसं सांगू, की तेवढ्या तेलाने मी आतून कुजत होतो? पावसाळ्यात माझ्यावर बुरशी धरायची, खवट वास यायचा. ओघळलेलं तेल नळी धरून ठेवणाऱ्या स्क्रूच्या भोकात शिरायचं, आणि तिथं माझा भुगा होऊ लागला होता.

या खंडेनवमीला पूजेसाठी आईने मला उचललं आणि स्क्रू निसटला. नळी ठणकन जमिनीवर. दसऱ्याच्या सुट्टीला आलेली आश्लेषा धावत आली. तिने माझ्यावर अंगठा दाबला.

"आई, बोट आत जातंय. हा सडतोय."

"सडेल कसा? दर रविवारी तेल लावते मी."

"तेच तर! खोबरेल वाळत नाही गं, नुसतं मुरत राहतं. हे सगळं काढायला हवं. मग बेलतेल देऊ, सलिल देणार होता तसं."

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

"गालसुद्धा?"

आश्लेषाने अंगठा मागे घेतला. देव्हाऱ्यात निरांजन तडतडलं.

"मग राहू दे," आई म्हणाली. "मोडेल तेव्हा मोडेल. तोवर तर येईल ना तो?"

"आणि मोडल्यावर?"

आई उठून आत गेली.

दिवाळी जवळ आली, आश्लेषा पुन्हा सुट्टीला घरी आली. तुळशी नारळ न्यायला आली, मला पाटावर ठेवलेला बघून नाक मुरडलं. "वयनी, बंदुकीचा लोणचा घातलास का गो? केवढा त्याल त्यो!"

आईला हसू आलं नाही. "तूच म्हणाली होतीस ना, तो येतो म्हणून?"

"बोलले व्हते. आजून बोलतंय. येतोच त्यो." तुळशी खाली बसली. तिचा मुलगा तुकाराम होडी घेऊन गेला तो दर्यातून परत आलाच नाही, हे सगळ्या गावाला माहीत. "पन वयनी, लाकडाचा भुगा झाल्यावर त्यानं टेकायचा कुटं? माजा तर कदी आलाच, तर माजेकडं त्याला टेकवायला फळी बी न्हाय."

मग आईने मला पाटावरून उचललं आणि आश्लेषाच्या मांडीवर ठेवलं.

"काढ. पण मी समोर बसणार."

आश्लेषाने टर्पेंटाईनने माझं चिकट झालेलं जुनं पॉलिश पुसून काढलं. मग शाळेतले खडू कुटून, त्याच टर्पेंटाईनमध्ये कालवून माझ्या सर्वांगाला जाड लेप दिला. खडू तेल ओढून घेतो. मला अंगणात उन्हात ठेवलं. पांढऱ्या कापडात गुंडाळल्यासारखा मी पडलो होतो, आणि आई उंबऱ्यावर बसून बघत होती. यापूर्वी तिने त्या अंगणात असंच काहीतरी बघितलं होतं.

ऊन तापलं तसं आतलं तेल वर येऊ लागलं. आणि लेपावर, शुभ्र लेपावर, पिवळा गाल उमटला. थंडीत दिसे त्याहून स्पष्ट. आई उंबऱ्यावरून उठून उभी राहिली. तो निघून चालला होता, आणि जाताना वळून बघत होता, असं मलाच वाटलं. तिला काय वाटलं असेल!

लेप वाळला. आश्लेषा ब्रशने झाडू लागली तशी आईने खाली पदर पसरला.

"फेकू नकोस. इथं टाक."

"आई, खडूची पूड आहे गं."

"असू दे." मग माझ्याकडे न बघता, शांतपणे म्हणाली, "त्या वेळी हरिहरेश्वरला मला कुणी नेलं नाही. बायका जात नाहीत म्हणाले. मी घरात बसून भात निवडत होते."

दादा पडवीत उभे होते. अस्थी घेऊन तेच गेले होते. चपला शोधत म्हणाले, "मी येऊ?"

"या. पण हे माझ्या हातात असू दे."

ओहोटीच्या वेळी तिघं किनाऱ्याकडे गेली. मी अंगणातच होतो, म्हणून तिथलं मला सांगता येणार नाही. परतली तेव्हा आईची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि तिचे हात स्वच्छ होते.

गणराजने माझा कुजलेला भाग कोरून त्याच फणसाची खुंटी बसवली. आश्लेषा पॉलिशपेपर घेऊन बसली. खळगीपाशी आली आणि थांबली.

"इथं नको. या त्याच्या कानशीच्या रेघा आहेत."

"कुणाच्या?"

"सलिलच्या. त्याने स्वतः घासलीय ही जागा, आदल्या संध्याकाळी. तू देवळात होतीस."

आईने वाकून बघितलं. तेलाखाली इतके दिवस बुडालेल्या त्या बारीक, तिरप्या रेघा. एक जरा खोल गेलेली, घाईत. तिने त्या बोटाने मोजल्या नाहीत, नुसत्या वाचल्या.

तेवढ्यात दादा आतून आले आणि पायरीवर एक डबा ठेवला. सीलबंद, एका बाजूने चेपलेला.

"त्याच्या पिशवीत होता," म्हणाले. "मला फेकवेना. उघडवेना."

आश्लेषाने झाकण उघडलं. आईने वाटी पुढे केली, तशी ती हसली. "वाटी नको! तळहातावर थेंब घे. लावलंय की नाही असं वाटेल एवढंच."

"एवढंसंच?"

"एवढंच. हात गरम होईपर्यंत चोळ. थोड्या वेळाने उरलेलं पुसून टाक. मग वाळू दे. पुरतं वाळल्याशिवाय हात लावायचा नाही."

आईला हात न लावणं फार जड गेलं. पण ती थांबायला शिकली. थर वाळायचा, दुसरा द्यायचा. हळूहळू माझा रंग वर आला, पिकल्या गऱ्यासारखा, मग मधासारखा. माझा ओलसर, खवट वास गेला. आत मात्र ती ऊब होती तशीच आहे.

गारठा आला. पहिल्या थंड सकाळी, काकड आरतीच्या सुमाराला आई भिंतीपुढे येऊन उभी राहिली. माझ्यावर काहीच उमटलं नव्हतं. नुसतं लाकूड, आणि त्या रेघा. ती उभीच राहिली. मग तिने मला खाली उतरवलं, आणि इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: आपला गाल त्या खळगीत ठेवला. तो बसला. लेकाचा गाल तिच्यासारखाच होता.

त्याच क्षणी देवळात पखवाजावर थाप पडली, आणि मी घुमलो.

आई दचकली. गाल न काढता म्हणाली, "आश्लेषा! अगं, आत कोण आहे?"

आश्लेषा धावत आली, तिनेही कान लावला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा दारातून बघत होते. मग आईने मला हलकेच खुंटीवर टांगलं, फडताळ उघडलं, झांज काढली, पदराने पुसली आणि अंधारातूनच देवळाकडे निघाली.

तो घुमणारा मीच होतो का? मी लाकूड आहे, माझ्या आत काय आहे हे मला ठाऊक असायला हवं. पण खरं सांगतो मित्रांनो, मला ठाऊक नाही.

तुमच्याही घरात कुणाच्या तरी हातची एखादी वस्तू असेल. तिच्यावर माया करा, पण आपल्याकडे जे भरपूर आहे तेच तिच्यावर ओतत राहू नका. तिला काय हवंय ते आधी बघा. थोडंसं द्या, हाताच्या उबेने चोळा, उरलेलं पुसून टाका आणि वाळू द्या. आणि कधी तिच्यावर गाल टेकलात, तर लगेच उचलू नका. आत कुणी तरी श्वास सोडत असेल.