कांद्याचे हात

जोतिबा हाडवैद्याने तंबाखूची पिंक अंगणात टाकली, हात धोतराला पुसले आणि विजयमालाबाईंच्या गळ्याचा पट्टा सोडला. खवट तेलाने बरबटलेले त्याचे अंगठे कवटीखाली टेकले, तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला.

"एकच झटका, आईसाब. मणका जाग्यावर बसतुया बघा."

त्याला बोलावणे त्यांनीच धाडले होते. संधिवाताने मानेच्या सर्वांत वरच्या दोन मणक्यांमधले बंध सैल झाले आहेत, मज्जारज्जू दाबला जातो आहे, म्हणूनच हातून कपबशी निसटते, असे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले होते. स्क्रू घालून मणके जखडायचे, तोवर पट्टा. परक्या पुरुषाने मानेवरचे केस भादरून तिथे चिरावे, ही कल्पनाच त्यांना ओंगळ वाटली होती. आता हा दुसरा परका पुरुष कानाशी श्वास सोडत होता.

"थांबा!"

स्वयंपाकघराच्या दारातून साक्षी बोलली. पुरुषांदेखत सुनेने तोंड उघडू नये, हा या सोप्यातला विजयमालाबाईंचाच दंडक होता.

"झटका बसला तर हातपाय जात्याल म्हणालं डाक्टर. श्वास बी थांबंल. मी तिथंच हुते."

"तू आत जा," तिचा नवरा वीरधवल खेकसला. "आईनंच बोलवलंय त्यास्नी."

ती आत गेली नाही. जोतिबाचे अंगठे बाजूला सारून तिने सासूचे डोके दोन्ही तळव्यांत धरले. तळव्यांना चिरलेल्या कांद्याचा उग्र दर्प होता. त्या दर्पापायी विजयमालाबाई लग्नापासून तिला आपल्या पाण्याच्या तांब्याला शिवू देत नव्हत्या.

"हात काढ."

"न्हाई काढत, आत्याबाई."

"सुनंनं सासूची मुंडी धरली. लय बेस!" जोतिबा खिदळला.

विजयमालाबाईंना मागे वळून पाहता येत नव्हते. सुनेच्या तळव्यांत डोके तसूभरही हलत नव्हते. मांडीवरची आपली बधिर बोटे त्यांनी क्षणभर न्याहाळली.

"जोतिबा, पिंक टाकलीस तिथं पाणी ओत आणि नीघ. वीरधवल, गाडी काढ. मिरजंला जायचंय."

साक्षीने पट्टा बांधला. आष्टा गावाबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात गाडी आदळली. मागच्या सीटवरून तिचे हात आपसूक पुढे आले आणि तितक्याच घाईने मागे गेले.

"कशाला काढलेस?"

हात परत आले. दर्प तसाच होता. विजयमालाबाईंनी नाक मुरडले.

"घट्ट धर."